कोरियाची मालिका आणि सीमेवरचा प्रेक्षक

‘छावा’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी हिंदीत प्रदर्शित झाला आणि अवघ्या तीन आठवड्यांनी, ७ मार्च रोजी, त्याची तेलुगू आवृत्ती आंध्र व तेलंगणातील चित्रपटगृहांत दाखल झाली. तेलुगू प्रेक्षकांकडून मागणी होत असल्यामुळे ही आवृत्ती आणत असल्याचे तेथील वितरकांनी सांगितले होते. छत्रपती संभाजी महाराजांचे चरित्र आपल्या भाषेत ऐकायला मिळावे, असा आग्रह महाराष्ट्राबाहेरच्या माणसांनी धरला आणि तो मान्य झाला. वरवर पाहता ही चित्रपट व्यवसायातील एक किरकोळ बातमी आहे. मराठी माणसाने मात्र तिच्यापाशी क्षणभर थांबायला हवे. ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला, ती शिवाजी सावंतांची, म्हणजे मराठीच. चित्रपट मराठीतही यावा, अशी मागणी महाराष्ट्रातही झाली. परंतु तेलुगू आवृत्ती पडद्यावर झळकली, तेव्हा मराठीची मागणी ही मागणीच राहिली होती.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकावरील धर्माबादच्या रसिकाच्या दृष्टीने या घटनेला आणखी एक अर्थ आहे. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर धर्माबाद सोडले की बासर लागते, तेथील ज्ञानसरस्वतीचे मंदिर तेलंगणात. पुढे गोदावरी ओलांडली की निजामाबाद. लाल मिरचीच्या बाजारपेठेमुळे नाव झालेल्या या गावात मराठी, तेलुगू, हिंदी आणि दखनी अशा चार बोली एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. रोटीबेटीचे व्यवहार सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. येथील घरांतून तेलुगू वाहिन्या पाहिल्या जातात, तेलुगू चित्रपटांचे नायक परके वाटत नाहीत. २०१८ मध्ये याच तालुक्यातील काही गावांनी तेलंगणात सामील होण्याची भाषा केली, तेव्हा पुण्या-मुंबईला आश्चर्य वाटले. येथे कोणाला ते फारसे वाटले नाही. शेतकऱ्यासाठीच्या योजना पलीकडे दिसत होत्या. रंजनही पलीकडूनच येत होते. आपल्या इतिहासातील एका महापुरुषाची कथाही आता पलीकडच्या भाषेत आधी यावी, याची खंत बाळगायची की आनंद मानायचा, हा प्रश्न धर्माबादच्या माणसापुरता मर्यादित नाही.

आनंदच मानावा, हे उत्तम. मात्र त्या आनंदाबरोबर एक गोष्ट शिकूनही घ्यावी. इतिहासकथा आपोआप परमुलखात जात नाही. तिला कोणीतरी बोलवावे लागते. आणि बोलावणारा बहुधा शासन नसते, व्यापारी नसतो. तो साधा प्रेक्षक असतो.

या गोष्टीचे आजच्या काळातील सर्वांत ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. त्या देशाच्या एमबीसी या वाहिनीने सप्टेंबर २००३ ते मार्च २००४ या काळात ‘दे जांग गुम’ नावाची ५४ भागांची मालिका दाखविली. सोळाव्या शतकातील जोसोन राजवटीत, राजा जुंगजोंगच्या काळात, राजवाड्याच्या मुदपाकखान्यात दासी म्हणून आलेली एक मुलगी स्वयंपाक शिकते, कारस्थानात सापडून हद्दपार होते, वैद्यक शिकून परत येते आणि अखेर राजाची वैद्य होते, असे तिचे कथानक. ली ब्युंग-हून यांचे दिग्दर्शन आणि ली यंग-ए या अभिनेत्रीची मध्यवर्ती भूमिका. ही वैद्य स्त्री काल्पनिक नाही. जोसोन राजवटीच्या राजवृत्तांतांत, ज्यांचा समावेश १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत झाला, तिचा उल्लेख आहे. पण तो किती? राजाच्या आजारपणाच्या आणि बक्षिसांच्या नोंदींत विखुरलेल्या मोजक्या ओळी. तिचे आईवडील, तिचे बालपण, तिचे प्रेम, यांपैकी काहीही त्या वृत्तांतांत नाही. तेवढ्या ओळींच्या बीजातून ५४ भागांचा वृक्ष उभा राहिला.

आपल्याकडे काय आहे, ते येथे आठवावे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने आयुष्ये खर्ची घालून कागदपत्रे जमविली. एकेका लढाईची, एकेका तहाची, एकेका घरातील कज्जाची पत्रे उपलब्ध आहेत. बीजाची टंचाई आपल्याला कधीच नव्हती.

‘दे जांग गुम’ कोरियाबाहेर पडली ती तैवान, हाँगकाँग, जपान, इराण अशी कितीतरी देशांत गाजली. हाँगकाँगमध्ये २००५ मध्ये ती प्रचंड लोकप्रिय झाली. इराणच्या सरकारी दूरचित्रवाणीवर फारसी आवाजात ती आली, तेव्हा घरोघरी तिची चर्चा झाली. श्रीलंकेत ती सिंहलीत आली. पण या प्रवासात प्रेक्षकाचा वाटा किती होता, हे जपानच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट कळते, आणि ते उदाहरण आधीच्या एका मालिकेचे आहे. एनएचके या जपानी सार्वजनिक संस्थेने एप्रिल २००३ मध्ये ‘विंटर सोनाटा’ ही कोरियन प्रेमकथा आपल्या उपग्रह वाहिनीवर दाखविली. ती संपल्यावर प्रेक्षकांची, त्यातही मध्यमवयीन गृहिणींची, पत्रे आणि विनंत्या हजारोंनी येऊ लागल्या. डिसेंबरमध्ये ती पुन्हा दाखवावी लागली. २००४ मध्ये ती मुख्य वाहिनीवर आली. तेवढ्यानेही समाधान झाले नाही. जपानी आवाज नकोत, काटछाट नको, मूळ कोरियन भाषेतच ऐकवा, अशी मागणी झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एनएचकेने तीही पुरविली. ज्या जपानने कोरियावर पस्तीस वर्षे राज्य केले, कोरियन भाषेची गळचेपी केली, त्या जपानच्या सार्वजनिक वाहिनीने स्वतःच्या नागरिकांच्या आग्रहाखातर कोरियन भाषा घराघरांत ऐकविली. याच वाटेने २००४ च्या ऑक्टोबरात ‘दे जांग गुम’ जपानमध्ये पोहोचली. कोणत्याही राजदूताच्या भाषणाने जे झाले नसते, ते गृहिणींच्या पत्रांनी केले.

पुढे हे काम करणारी माणसे अधिक संघटित झाली. हवाई बेटांवर कोरियन मालिकांचे इंग्रजी उपशीर्षकांसह प्रक्षेपण होत असे आणि तेथील चाहत्यांनी, ज्यांत कोरियन वंशाचे नसलेलेही पुष्कळ होते, आपली मंडळे काढली. निरनिराळ्या देशांतील हौशी माणसांनी एक पैसा न घेता रात्री जागून मालिकांच्या संवादांची भाषांतरे केली. प्रत्येक भाग अनेक भाषांत उपलब्ध होऊ लागला, तो या बिनपगारी कारकुनांच्या जोरावर. ‘फॅन’ या शब्दाला आपल्याकडे थोडा हलका वास आहे; नटाच्या मागे धावणारा, असा. हे चाहते त्या अर्थाने चाहते नव्हते. ज्या देशाचा इतिहास आपला नाही, त्याची गोष्ट आपल्या शेजाऱ्याने पाहावी म्हणून ते खपत होते.

अर्थात सगळे श्रेय चाहत्यांचे नाही. कोरियन शासन झोपलेले नव्हते. १९९४ च्या सुमारास तेथील राष्ट्राध्यक्षांपुढे एक हिशेब मांडला गेल्याची गोष्ट वारंवार सांगितली जाते: ‘जुरासिक पार्क’ या एका अमेरिकन चित्रपटाची मिळकत पंधरा लाख ह्युंदाई मोटारींच्या निर्यातीएवढी आहे. तेव्हापासून चित्रपट आणि मालिका यांकडे तो देश उद्योग म्हणून पाहू लागला. २००९ मध्ये या निर्मितीला चालना देणारी स्वतंत्र सरकारी संस्थाही स्थापन झाली. (ह्युंदाईने तळेगावचा मोटार कारखाना २०२३ मध्ये घेतला, तेव्हा महाराष्ट्राला मोटारी आणि मालिका या दोन्हींचा अनुभव एकाच देशाकडून मिळू लागला, हा योगायोग गमतीचा आहे.) पण शासन माल पुरवू शकते, भूक निर्माण करू शकत नाही. भूक प्रेक्षकाची असते.

भारताने हा पाहुणा कसा स्वीकारला, हे पाहिले की थोडी खंत वाटते. दूरदर्शनने २००६ मध्ये दोन कोरियन ऐतिहासिक मालिका हिंदीत आणल्या. एक नवव्या शतकातील दर्यासारंग जांग बोगो याच्यावरची, आणि दुसरी हीच ‘दे जांग गुम’. राजवैद्य झालेल्या या स्त्रीच्या कथेला हिंदीत नाव दिले गेले ‘घर का चिराग’. त्या नावावरून कोणालाही सासू-सुनेच्या भांडणाची दुपारची मालिका वाटावी! ती आली आणि गेली. ती पुन्हा दाखवा, मराठीत आणा, असे कोणी म्हटल्याचा गाजावाजा झाला नाही. ईशान्येत मात्र वेगळेच घडत होते. मणिपूरमध्ये २००० साली फुटीर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि ती पोकळी कोरियाच्या वाहिनीने व तिकडच्या मालिकांनी भरून काढली. पडदा रिकामा राहत नाही, हे सत्य दिल्लीपेक्षा इंफाळला आधी कळले.

आणि तरीही कोरियाला भारताची आठवण आहे. तेराव्या शतकातील ‘सामगुक युसा’ या ग्रंथात अशी कथा आहे, की अयुता नावाच्या दूरदेशीची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि गया राज्याचा संस्थापक किम सुरो याची राणी झाली. तिचे नाव हो ह्वांग-ओक. अयुता म्हणजे अयोध्या, अशी कोरियातील तिच्या वंशजांची श्रद्धा आहे. इतिहासकारांत याविषयी एकमत नाही, आणि आपण ते आहे असे भासवूही नये. श्रद्धेचे मोल पुराव्याइतकेच असते असे नाही, पण ते शून्यही नसते. २००१ मध्ये शरयूकाठी तिचे स्मारक झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी अयोध्येच्या दीपोत्सवाला आल्या. या किम सुरोवर कोरियाच्या एमबीसीने २०१० मध्ये संपूर्ण मालिका काढली. जिला ते अयोध्येची कन्या मानतात, तिची कथा भारतीय भाषेत भारतीय वाहिनीवर यावी, म्हणून आपल्यापैकी किती जणांनी एक पोस्टकार्ड टाकले असेल?

भारतीय प्रेक्षकाला मागता येत नाही, असे मात्र नाही. ‘रामायण’ ही रामानंद सागर यांची मालिका ३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेकाशी संपली. उत्तरकांड त्यात नव्हते. तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी, ज्यांतील बहुसंख्य महर्षी वाल्मीकींना आपले कुलगुरू मानणारे होते, संप पुकारला. लव-कुशांची आणि त्यांना वाढविणाऱ्या वाल्मीकींची कथा दाखवल्याशिवाय रामायण पुरे कसे होईल, हा त्यांचा प्रश्न होता. संप इतर शहरांतही पसरला, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले, आणि सरकारला पुढील भाग काढण्याची व्यवस्था करावी लागली. पगारासाठी नव्हे, बोनससाठी नव्हे, तर कथा पूर्ण व्हावी म्हणून केलेला हा संप जगाच्या दूरचित्रवाणीच्या इतिहासातही विरळाच असेल. समाजाने ज्यांना सर्वांत खालच्या पायरीवर ठेवले, त्यांनी राष्ट्रीय महाकाव्यावरचा आपला हक्क दूरदर्शनकडून वसूल केला, ही गोष्ट आपल्या चर्चांतून फारशी आठवली जात नाही. ती आठवली जावी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात हीच मालिका लोकाग्रहास्तव पुन्हा सुरू करत असल्याची घोषणा तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी केली, तेव्हा १६ एप्रिलच्या एका भागाला ७.७ कोटी प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने सांगितले.

मग मराठी इतिहासाच्या बाबतीत आपण कोठे कमी पडतो? स्पष्टच बोलायचे तर आपल्याला नकार चांगला जमतो, मागणी जमत नाही. एखाद्या चित्रपटात इतिहासाचे विकृतीकरण झाले, की निवेदने निघतात, खेळ बंद पडतात. २०१५ च्या डिसेंबरात ‘बाजीराव मस्तानी’च्या वेळी पुण्यात ते झाले. बाजीरावासारख्या सेनानीला आणि काशीबाईसारख्या कुलस्त्रीला नृत्यात गुंतवण्यावरचा आक्षेप निराधार नव्हता. पण आक्षेप घेणाऱ्यांतील किती जणांनी त्यानंतर एखाद्या वाहिनीला लिहिले, की पालखेडच्या मोहिमेवर एक चांगली मालिका काढा, आम्ही ती पाहू, तिला जाहिराती मिळवून देऊ, कानडीत-तेलुगूत ती जावी म्हणून भाषांतर करून देऊ?

कोरियन प्रेक्षक नकार देत नाही, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. मार्च २०२१ मध्ये तेथील एका वाहिनीने जोसोन राजांवरची एक भुताखेतांची मालिका सुरू केली. तिच्यात चिनी धर्तीचे खाद्यपदार्थ आणि वस्तू दाखविल्या, राजपुरुषांचे चित्रण विकृत केले, म्हणून इतका क्षोभ झाला, की जाहिरातदारांनी माघार घेतली आणि अवघ्या दोन भागांनंतर मालिका बंद करावी लागली. मोडतोड नाही, जाळपोळ नाही. मात्र हाच प्रेक्षक चांगल्या ऐतिहासिक मालिकेला वर्षानुवर्षे पोसतो, तिच्या चित्रीकरणाच्या जागा पाहायला जातो, तिच्यातील पदार्थ शिजवून पाहतो. त्याच्या नकाराला वजन आहे, कारण त्याच्या होकारालाही किंमत आहे. आपला नकार मात्र पुष्कळदा एकटाच फिरत असतो.

मराठी वाहिन्यांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘स्वामी’ने १९८० च्या दशकात माधवराव पेशव्यांना घराघरांत नेले. २००८ मध्ये ‘राजा शिवछत्रपती’ आली, २०१७ ते २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’. या मालिकांच्या वेळी गावोगावचे रस्ते सामसूम होत. परंतु त्यांचा प्रवास बहुतांशी महाराष्ट्रापुरता राहिला. शिवछत्रपतींनी दक्षिण दिग्विजयात जिंकलेली जिंजी तामिळनाडूत आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांतील हा एकच महाराष्ट्राबाहेरचा. राजाराम महाराजांनी तेथून वर्षानुवर्षे मोगलांशी झुंज दिली. ती कथा तमिळ माणसाला तमिळमध्ये कोणी सांगितली? मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. गणेशोत्सव त्यांनी जपला, पण घरात क्रिओल आणि फ्रेंच बोलणारी नातवंडे वाढत आहेत. २०२३ मध्ये तेथे शिवरायांचा पुतळा उभा राहिला, हे अभिमानास्पदच. त्या पुतळ्याखाली उभ्या असलेल्या मुलाला फ्रेंच उपशीर्षकांसह शिवचरित्र पाहता आले, तर पुतळा त्याच्याशी बोलू लागेल.

आता पुन्हा धर्माबादकडे. या परिसराला मालिकेची कथा दुसरीकडून मागून आणण्याची गरज नाही. शेजारच्या बिलोली तालुक्यातील अर्जापूर येथे हुतात्मा गोविंदराव पानसरे यांचे स्मारक आहे. (२०१५ मध्ये कोल्हापुरात ज्यांची हत्या झाली, ते गोविंद पानसरे वेगळे.) निजामाच्या राज्यात स्टेट काँग्रेसचे काम निर्भयपणे करणाऱ्या या कार्यकर्त्याची १९४६ मध्ये अर्जापूरजवळ हत्या झाली. लोहमार्गावर नांदेडच्या दिशेने निघाले की उमरी लागते. ३० जानेवारी १९४८ या दिवशी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली आणि तो पैसा लढ्याला लावला. या लढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने आज नांदेडचे विद्यापीठ ओळखले जाते. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले. त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला आणि त्यांच्यातील एक, पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचे पंतप्रधान झाले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य शिरले, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. कारस्थान, राजवाडा, हद्दपारी, भूमिगत छावण्या, सीमेपलीकडून येणारी शस्त्रे, फितुरी आणि बलिदान! कोरियन पटकथाकाराला यांतील एक दशांश जरी मिळाले असते, तर त्याने वर्षभर पुरेल एवढी मालिका रचली असती.

२०१५ मध्ये ‘रझाकार’ हा मराठी चित्रपट या विषयावर येऊन गेला. अनंत भालेराव यांच्यासारख्या संपादकाने या लढ्याचा इतिहास ग्रंथरूपाने लिहून ठेवला. घराघरांत पोहोचलेली, महिनोन्‌महिने चाललेली मालिका मात्र नाही. मुंबईच्या निर्मात्याला मराठवाड्याचा इतिहास ‘प्रादेशिक’ वाटतो. जणू मुंबई कोणत्या प्रदेशात नाहीच!

खरे तर हा लढा एका प्रांताचा नव्हताच. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. १७ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सिकंदराबादच्या परेड मैदानावर मुक्तिदिनाचा सोहळा केला, तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री आणि कर्नाटकाचे मंत्री तेथे एकाच व्यासपीठावर होते. जे व्यासपीठावर जमले, ते पडद्यावर का जमू नये? दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री, तेलुगू वाहिनी यादगिरी आणि कानडी वाहिनी चंदना या तिन्ही सरकारी मालकीच्या आहेत. एक पटकथा, तीन भाषा. स्वामीजी मूळचे कानडी मुलखातले, कर्मभूमी मराठवाडा, रणभूमी संपूर्ण संस्थान. त्यांच्या तोंडी कोणती भाषा घालायची, हा प्रश्नच या मालिकेत पडू नये.

मात्र ही मालिका मागताना एक पथ्य मागणाऱ्यानेच पाळायला हवे. ती आपल्या मनाला सुखावणारी असावी, एवढीच अट घालून चालणार नाही. ‘दे जांग गुम’ची कथा सुरू होते तीच एका पदच्युत राणीला विष देऊन मारण्याच्या प्रसंगापासून, जुंगजोंग राजा गादीवर आला तो आपल्या सावत्र भावाविरुद्ध झालेल्या बंडातून, दरबारातील गट एकमेकांचे गळे कापतात. स्वतःच्या पूर्वजांचे हे दोष कोरियनांनी झाकले नाहीत, म्हणून परक्यांनीही ती कथा खरी मानली. हैदराबादच्या कथेत कासीम रझवी असेल, तसा शोएबुल्ला खानही असला पाहिजे. ‘इमरोज’ पत्राचा हा तरुण मुसलमान संपादक संस्थानाने भारतात विलीन व्हावे, असे उर्दूत लिहीत राहिला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला हैदराबादच्या रस्त्यात ठार केले. त्याला वगळून काढलेली मालिका लंगडी ठरेल. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत काही भागांतील निरपराध मुसलमानांनाही भोगावे लागले, हेही टाळता येणार नाही. रझाकारांच्या अत्याचारांची दाहकता सत्य सांगितल्याने उणी होत नाही. उलट सांगणाऱ्याच्या शब्दाला धार येते. आणि तेलंगणातील, कर्नाटकातील किंवा परदेशातील प्रेक्षक ही मालिका पाहील, तो सांगणाऱ्यावर विश्वास बसला तरच.

धर्माबादसारख्या गावाचे या कामात एक वेगळे भाग्य आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत तेलुगू जाणणारा मराठी लेखक शोधावा लागतो. येथे तो शाळेत शिकवत असतो, मिरचीच्या आडतीवर हिशेब लिहीत असतो. दोन्ही भाषांतील शिव्या, लाडाचे शब्द, शेतीचे शब्द, लग्नातील थट्टा त्याला घरातूनच येते. पुस्तकी भाषांतराने मालिकेतला माणूस पुतळ्यासारखा बोलतो. त्याला जिवंत करण्याची विद्या सीमेवरच्या माणसाजवळ आहे. पगार न घेता कोरियन संवादांचे भाषांतर करणाऱ्या त्या हौशी मंडळींहून त्याची तयारी कितीतरी पुढची आहे. फरक इतकाच, की त्यांना कोणी सांगितले नव्हते, तरी त्यांनी सुरुवात केली.

प्रसारभारतीच्या कार्यालयात एका माणसाचे पत्र बासनात जाते, हे खरे. शंभर गावांतून, तीन भाषांतून, नावागावासह आणि सोबत पटकथेचा आराखडा घेऊन आलेली हजार पत्रे बासनात जाणे तितके सोपे नसते. एनएचकेला ते जमले नाही, १९८८ च्या दूरदर्शनलाही जमले नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदनानंतर शाळा-शाळांतून मुक्तिसंग्रामावर भाषणे होतात. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, दोन पत्रे लिहून घेता येतील: एक मुंबईला सह्याद्रीच्या नावे मराठीत, दुसरे हैदराबादला यादगिरीच्या नावे तेलुगूत. धर्माबादच्या टपालपेटीत दोन्ही एकदमच पडतील, आणि दुसऱ्या पत्राचा मजकूर तपासून देणारा शेजारी शोधायलाही लांब जावे लागणार नाही.